मोजणी

दोन फायली आहेत टेबलावर.
एक गुळगुळीत, तिच्यावर निळं आभाळ छापलेलं,
आत हसणारी विशीतली पोरं, खांद्यावर सोनेरी पट्ट्या.
दुसरी म्हणजे फाईल नाहीच खरं तर,
युनूस मिस्त्रींनी पावतीपुस्तकाच्या पाठीवर लिहून दिलेले आकडे,
कोपऱ्याला ग्रीसचा अंगठा.

मी भूकरमापक. एकोणीस वर्षं
औसा, निलंगा, रेणापूर, पुन्हा औसा.
भावाभावांच्या मधून चुन्याची रेघ ओढली,
शिव्या खाल्ल्या, ताक प्याले,
वीतभर बांधापायी कोर्टात म्हातारी झालेली माणसं
गट नंबरानिशी ओळखते.

एकदा चिंचोलीच्या शिवारात जुनं यंत्र लावून उभी होते,
भिंगात खूणदगड यायचा, तर आलं एक छोटं विमान.
उलटं. चाकं वर, आभाळ खाली.
डोळा काढला नाही मी.
त्या दिवशीच्या नोंदवहीत एक आकडा चुकलाय,
अजून कुणी हरकत घेतली नाही.

दीड वर्ष म्हणतात, ते तीन धरायचं.
नोकरी लागेतो सेहेचाळीस.
पासष्टला खाली उतरवतात.
उरली एकोणीस.
आकडा इतका जुळला की मी पुन्हा मोजला.

बारावीला माझा इतिहास होता, म्हणून आता
फिजिक्स, बाहेरून, श्रावस्तीच्याच पुस्तकातून.
पहाटे साडेपाचला आमच्या गल्लीत
खिडकी खिडकीत एक लेकरू नीटचं पाठ करत असतं,
आमच्या खिडकीत दोन.

हैदराबादला डॉक्टरांनी ठिपक्यांची पानं दाखवली.
चौऱ्याहत्तर, म्हटलं मी. सहा. एकोणतीस.
या वयात कशाला, असं ते म्हणाले नाहीत.
रक्तदाब दोनदा मोजला, एवढंच.

गुळगुळीत शाळेतली बाई फोनवर फार गोड.
अठरा महिने, मॅडम, गॅरंटी.
विमानं किती? भरपूर.
शिकवणारे किती? सर कॉल करतील.
बाई, भरपूर म्हणजे किती गुंठे,
हे विचारायचाच तर पगार घेते मी.

रविवारी धावपट्टीवर गेले.
कुंपणापलीकडे करडई काट्यावर आलेली,
वाऱ्याची पिशवी अर्धीच फुगलेली.
मिस्त्री इंजिनात कोपरापर्यंत.
"खोटं कशाला सांगू मॅडम, तीन हायत.
एक उडूलालंय. एक पार्टची वाट बघूलालंय.
तिसऱ्याचं नाव काढू नका."
मग पोरं?
"बसत्यात लिंबाखाली. चिडत्यात. पण जे उडत्यात ते शिकत्यात.
आन् मे महिन्यात दुपारचं विसरा,
जमीन तापली की हवा पातळ होती,
उचलतच न्हाई ओ त्याला."

बेचाळीस उन्हाळे काढले मी या जिल्ह्यात.
ऊन इतक्या कामाचं कुणी सांगितलं नव्हतं.

धम्मपाल रात्री पासबुकं मांडून बसला.
फंड, बार्शी रोडचा प्लॉट, पोरीचं मेडिकल.
"प्लॉट तूच मोजला होतास," म्हणाला.
हो म्हणाला नाही. नाही म्हणालाही नाही.
उठून कुकर लावला,
शिट्ट्या मोजायला मात्र विसरला.

फॉर्म मी मिस्त्रींच्या शाळेचा आणला.
शेवटच्या पानावर: पालकाची सही.
कुणी बदललाच नसेल, अठराचीच पोरं येतात.
दादा जाऊन नऊ वर्षं झाली, आई अंगठा करायची, तीही नाही.
"आण इकडे," श्रावस्ती म्हणाली.
मागच्या महिन्यात सज्ञान झालीय,
सही अजून जीभ बाहेर काढून करते.
'नाते' या रकान्याशी थांबली थोडी,
मग लिहिलं: मुलगी.
पेन माझ्या हातात दिलं
आणि परत बेंझिनच्या कड्याकडे वळली.

उद्या नऊला लामजना, गट दोनशे अकरा.
दोघे भाऊ, मधोमध एक विहीर.
चुन्याची पिशवी
आताच डिकीत टाकून आले.